तेल बदलणाऱ्या डॉक्टरीणबाई

तेलाचा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बाई तो हळूहळू चोळायच्या आणि म्हणायच्या, "थकलंय. बदलू या." नाडी बघतानाही त्यांचा चेहरा असाच व्हायचा. त्यामुळे त्या मोटारीबद्दल बोलताहेत की पेशंटबद्दल, हे नव्या माणसाला कळायला वेळ लागे.

इंदापुरात त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे कंपाउंडर होतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. सारं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, म्हणून मीही तेवढंच म्हणतो. त्यांच्याकडे एक जुनी, काळी विलायती गाडी होती. ती त्या स्वतः चालवायच्या, याची लोकांना सवय झाली होती. पण तेल बदलायच्या रविवारी त्या पाचवारी सोडून जुन्या नऊवारीचा काष्टा घालायच्या आणि गाडीखाली शिरायच्या, तेव्हा मात्र कुंपणापाशी माणसं थबकायची. तुम्हीही थबकला असता.

हे त्या शिकल्या बारामतीत. पहिल्या वर्षी तिथल्या एका मिस्त्रीकडे गाडी दिली होती. त्यानं तेल बदललं आणि फिल्टर तसाच ठेवला. पुढे इंजिन कुरकुरायला लागल्यावर बाईंना ते कळलं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या मिस्त्रीकडे गेल्या आणि दोन दिवस त्याच्या दुकानात स्टुलावर बसून राहिल्या. म्हातारा मिस्त्री अवघडला.

"बाई, हे काम तुमचं न्हाय," तो म्हणाला.

"पोटात काय चाललंय ते बघायचं काम माझंच आहे," बाई म्हणाल्या, आणि वहीत चित्र काढत राहिल्या.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी गाडी वेशीपर्यंत फिरवून आणायची, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग पुढची चाकं दोन जाड ओंडक्यांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. खाली घमेलं सरकवून पान्यानं इंजिनाच्या तळाचं बूच सोडायचं आणि वाट बघायची. धार बारीक झाली की मला घाई व्हायची. एकदा मी म्हणालो, "बाई, आलं की सगळं." गाडीखालून आवाज आला, "कंपाउंडर, जखम धुताना अर्धा पू आत ठेवता का? पुरतं निथळू द्या."

अशाच एका रविवारी पळसदेवचा एक शेतकरी धावत अंगणात आला. मालट्रकमधून आला होता, अंगभर धूळ. त्याची बायको कालपासून अडली होती.

"सुईण म्हणती, पोर पायाळू हाय. बाई, आत्ताच्या आत्ता चला."

इंजिनात तेलाचा थेंब नव्हता. फिल्टरची वाटी रॉकेलमध्ये पडली होती आणि बूच बाईंच्या हातात. मी हळूच म्हणालो, "घमेल्यातलंच परत ओतू का? फिल्टरचं परत आल्यावर बघू."

"मातीसकट? इथून पळसदेवपर्यंत कुणाला हाक मारायची मग? तुम्ही माझी बॅग भरा." आवाज नेहमीचाच होता, पण हात भराभर चालले होते. वाटी पुसली, नवा फिल्टर बसवला, बोल्ट आवळला. मग बूच लावायला घेतलं आणि त्याखालचा तांब्याचा वायसर दोन तुकडे होऊन त्यांच्या तळहातावर पडला. तो नसला की बुचातून तेल गळतं. दुसरा मिळणार बारामतीला.

बाईंनी ते जुळवून बघितले.

त्या शेतकऱ्यानं ते तुकडे पाहिले. मग पायातली नवी करकरीत वहाण काढून पुढं धरली. "कातडं चालंल का ह्याला?"

बाईंनी वहाण हातात घेऊन वाकवून बघितली. "चालेल," त्या म्हणाल्या. बूच टेकवून पेन्सिलीनं गोल आखला आणि बॅगेतून ऑपरेशनची सुरी काढली. पट्ट्या कापायच्या कात्रीनं मी कागद कापला म्हणून ज्या बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या, त्यांनी त्या सुरीनं वहाणेचा तळवा कापला. कातड्याची चकती तेलात बुडवून बुचाखाली बसवली, नवं तेल ओतलं, गाडी सुरू केली आणि त्या पुन्हा जमिनीवर आडव्या होऊन खाली बघत राहिल्या.

"बाई, चला की," तो रडकुंडीला आला होता.

"एक मिनिट, दादा. वाटेत गाडी बंद पडली तर तुमच्या बायकोला मी काय उपयोगाची?"

तेल गळत नव्हतं. बाईंनी हात रॉकेलनं, मग साबणानं कोपरापर्यंत खरवडले, आणि आम्ही निघालो.

पळसदेवला पोचल्यावर त्यांनी पुन्हा गरम पाण्यानं आणि औषधानं हात धुतले आणि दार लावून घेतलं. शेतकरी एका पायात वहाण घालून अंगणात येरझाऱ्या घालत होता. मी दुसरं काय करणार, गाडीखाली वाकून बघत होतो. बऱ्याच वेळानं आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. शेतकरी धावत दाराशी गेला.

बाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत," त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "टपकतंय का?"

"थेंबही नाही."

त्या हसल्या. गाडीच्या पायरीवर बसून गुळाचा चहा दोन कप प्यायल्या. इतक्या निवांत बसलेल्या त्यांना मी क्वचितच पाहिलं.

पुढे चार-पाच वर्षांनी त्या मिरजेकडे एका इस्पितळात नर्सांना शिकवायला गेल्या. एकदा कामानिमित्त त्या बाजूला गेलो तेव्हा मुद्दाम भेटायला गेलो. शिपायानं मागच्या आवाराकडे बोट दाखवलं. तिथे रुग्णांची गाडी उभी होती आणि तिच्याखालून तीन जोड पाय बाहेर आले होते.

"बाई, मी इंदापूरचा," मी वाकून म्हणालो.

"कंपाउंडर? बसा हं जरा. या मुलींना बूच सापडत नाहीये आणि मी सांगणार नाही."

मी चिंचेखाली बसलो. आता बाई नाहीत. पण त्या दिवशी अर्धा तास मी तिथे बसलो होतो, आणि गाडीखालून दोन तरुण मुलींचं हसू आणि मधूनमधून बाईंचा आवाज येत होता. मला उठायची अजिबात घाई नव्हती.