खालचा सिलिंडर

माझी शेवटची पोस्टिंग इंजिनिअर रेजिमेंटच्या बोट सेक्शनमध्ये होती. हुद्दा हवालदार, काम ओबीएम. ओबीएम म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला लटकवायचं इंजिन. कुठं पूर आला की आमची तुकडी निघायची आणि माणसं काढून आणायची.

माझा जोडीदार लान्स नायक लक्ष्मण आढारी. मी जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं, त्यामुळे पाणी म्हणजे विहिरीतलं, एवढंच माहीत. लक्ष्मण आंबेगावच्या पश्चिमेचा, डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वाडीतला. मला पोहायला त्यानं शिकवलं. मी पेन्शन घेऊन घरी आलो. तो त्याआधीच, आमच्या एका फ्लड ड्युटीवर गेला तो गेलाच.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. त्या आता वाडीच्या सरपंच आहेत.

"भावजी, बोटीला मोटर घेतली. जुनी हाय, कोकणातनं आणली. पर सुरूच व्हत न्हाई."

"अजिबात?"

"दोरी वढून वढून खांदं निखळत्यात, तवा कुठं फुरफुरती. आन् रस्त्यावं तर दरड पडलीया."

"उद्या येतो," म्हणालो.

बेल्ह्यातल्या ओळखीच्या गॅरेजमधून कॉम्प्रेशन गेज मागून घेतलं. प्लगच्या जागी बसवायचं ते घड्याळ. सिलिंडर हवा किती जोरानं दाबतो, ते काटा दाखवतो. पिशवीत पाने, ऑइल, कार्बन क्लीनर आणि गॅस्केटचा कागद घेतला. सकाळी धरणाच्या अलीकडच्या धक्क्यावर पोचलो. वाडीचा नावाडी बबन वल्ही मारत न्यायला आला.

इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एकावर एक.

"कार्बोरेटर तीनदा खोलला, भाऊ," बबन म्हणाला. "पलग नवं टाकलं. इकणारा म्हनला, गार हवेनं व्हतंय."

मी दोरी हळू ओढली. एक झटका घट्ट लागला, पुढचा पोकळ. हाताला तेव्हाच कळलं होतं, पण फौजेत अंदाजावर रिपोर्ट देत नाहीत. पेट्रोल येतंय का पाहिलं. येत होतं. स्पार्क निळा होता. मग दोन्ही प्लग काढले, वायरी अर्थ केल्या, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि गेज लावलं. काटा चढायचा थांबेपर्यंत बबननं दोरी ओढली.

वरचा सिलिंडर एकशेवीस. खालचा पासष्ट.

"ह्यो निम्माच की राव!"

खालच्यात थोडं ऑइल सोडलं आणि परत मोजलं. काटा शंभराजवळ गेला. ऑइलनं फट बुजली होती. म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांकडे. रिंगा नुसत्या चिकटल्या असतील तर इंजिन वाचणार होतं. सिलिंडरच खरवडला गेला असेल तर ते भंगार होतं, आणि दुसरं इंजिन घेणं वाडीच्या आवाक्यात नव्हतं.

वहिनी शेजारीच उभ्या होत्या.

रिंगा बघायला एक्झॉस्टचं कव्हर खोलायचं होतं; तिथल्या भोकातून त्या दिसतात. बोल्ट खाऱ्या हवेनं गंजलेले. एक जरी तुटला असता तरी काम अडलं असतं. एकेक बोल्ट तापवून, ऑइल मुरवून, थोडा मागं थोडा पुढं करत काढला. टॉर्च लावून आत पाहिलं. भिंत गुळगुळीत होती, एकही ओरखडा नाही. बांबूच्या चोयटीनं रिंग दाबली. वरच्या पिस्टनची स्प्रिंगसारखी परत आली. खालची जागची हलली नाही. कार्बननं खाचेत चिकटून बसली होती.

"वहिनी, वाचतंय," म्हणालो.

खालच्या सिलिंडरमध्ये क्लीनर भरला, फ्लायव्हील हातानं फिरवलं आणि तसंच मुरू दिलं. दुसऱ्या सकाळी परत चोयटीनं दाबलं. रिंग उसळून वर आली. कागदाचं नवं गॅस्केट कापलं, कव्हर बसवलं. गेज लावलं. खालचा एकशेदहा. बबननं दोनदा बघितलं आणि मोठ्यानं हसला.

मी प्लग आवळत होतो, तेव्हा खाचरांकडून आरडाओरडा आला. भात लावताना हिराबाईंना साप चावला होता. माणसांनी पाठीवर घालून आणलं. पाय घोट्यापासून सुजत चालला होता.

"घोनस व्हती. म्या बघितली," हिराबाईच म्हणाल्या.

वारा समोरून होता. वल्ह्यांनी दोन तास लागले असते. इंजिन मात्र अजून एकदाही सुरू केलेलं नव्हतं.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. "भावजी?"

"बोटीत घ्या. आडवं निजवा. पाय हलवू नका. वहिनी, अ‍ॅम्ब्युलन्स धक्क्यावर बोलवा."

चोक ओढला. पहिली दोरी: खोकला. दुसरी दोरी: इंजिन लागलं. पांढऱ्या धुराचा लोट निघाला, आतला क्लीनर जळत होता. मग आवाज सरळ झाला, दोन्ही सिलिंडर सारखे वाजू लागले. काठावरची माणसं ओरडली. मी थ्रॉटल दिला.

वहिनी बोटीत पुढं बसून फोनवर होत्या.

"अ‍ॅम्ब्युलन्स कुठं?"

"फाट्यावं आलीया."

"धक्क्यावर थांबा म्हणावं. आम्ही मध्यावर आहोत."

लाटा तोंडावर येत होत्या. इंजिन एकदाही अडखळलं नाही. धक्क्याला लागलो तेव्हा स्ट्रेचर तयार होतं. दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं.

पुढच्या आठवड्यात हिराबाई त्याच बोटीनं परतल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. एक हात बबनच्या खांद्यावर, दुसरा हवेत. काठावर हलगी लावली होती. गुलाल पाण्यावर उडाला. कुणीतरी इंजिनालाच हार घातला. खाली पाण्यातल्या पंख्यात अडकेल म्हणून मी तो काढला, तर तो माझ्याच गळ्यात पडला.

गर्दी पांगल्यावर वहिनी बोटीजवळ आल्या. इतक्या वर्षांत लक्ष्मणच्या शेवटच्या दिवसाबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

"त्या दिशी त्यांची मोटर बंद पडली व्हती का, भावजी?"

"नाही, वहिनी. इंजिन चांगलं होतं."

मग सगळं सांगितलं. बोटीत बायामाणसं भरलेली होती. पंख्यात दोरखंड गुंडाळला गेला आणि धार आम्हाला पुलाच्या खांबाकडं ओढू लागली. लक्ष्मण म्हणाला, "साब, मी उतरतो." सुरी घेऊन पाण्यात गेला. दोरखंड कापला. डोकं वर काढून ओरडला, "क्लिअर! स्टार्ट!" मी दोरी ओढली, इंजिन लागलं, बोट वळली. त्याला वर घ्यायला हात पुढं केला आणि त्याच वेळी धारेतून झाडाचं खोड आलं. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सापडला.

"आन् बोटीतली मानसं?"

"सगळी उतरली. एका बाईच्या कडेवर तान्हं होतं. तेही."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

"मंग त्यांनी काम पुरं केलं," त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी."

लान्स नायक लक्ष्मण आढारी. बोट ऑपरेटर. त्याच्या बोटीतला एकही माणूस बुडाला नाही.