पटाची जोडी आणि लढाऊ विमान

मला पाहायला झरीकडचे पाहुणे आले, त्या दिवशी लढाऊ विमानं घरात मी आणली नाहीत. मुलाच्या मामाजींनी आणली. त्या उन्हाळ्यात टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. आईनं स्वयंपाकघरातच तंबी दिली होती, "इचारलं तेवढंच बोलजो." मुलगा नोकरीवाला होता, आणि माझं वाढतं वय साऱ्या नातेवाइकांच्या तोंडी होतं.

मामाजी म्हणजे बडं प्रस्थ. शंकरपटाच्या शर्यतीत त्यांची बैलजोडी धावायची. पोहे यायच्या आधीच तिचे फोटो मोबाइलवर आम्हा सगळ्यांना दाखवून झाले. मग माझ्याकडे वळले, "काय शिकवतं तू कालेजात?"

"फिजिक्स."

"मंग सांग, सगळ्यात जोरात पयते थेच विमान सगळ्यात भारी ना?"

मला फक्त मान डोलवायची होती. मुलानं डोलवलीही. मी म्हटलं, तो वेग रिकाम्या पंखांचा असतो. पंखांखाली बॉम्ब टांगले की हवा अडते, वेग उतरतो. लांब जायचं तर तेल जास्त घ्यावं लागतं, म्हणजे बॉम्ब कमी. आणि अगदी जोरात पळवलं तर तेच तेल बघता बघता संपतं. वेग, ओझं आणि पल्ला हे तिन्ही मोठे आकडे एकाच उड्डाणात कोणत्याच विमानाला जमत नाहीत.

"आपल्या विमानाले नावं ठेवतं?" मामाजींचा आवाज चढला. "टीव्हीवर सारं सांगते. जोरातही पयते, ओझंही नेते, दूरही जाते."

"वेगवेगळ्या दिवशी, मामाजी."

कोणी हसलं नाही. दाराआडून आई डोळे वटारत होती. तिथंच थांबायला हवं होतं, असं ती अजूनही ऐकवते. पण माझं डोकं तापलं होतं. "तुमच्या पटाच्या जोडीले कापसाची भरली गाडी जुंपा अन् इथवर आणा. मंग पाहू किती जोरात पयते."

पटाच्या बैलांपुढे ओझ्याचं नाव काढलेलं पटवाल्याला खपत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

"जोडी ओझ्याले नाई हाय माही!" मामाजी उठून उभेच राहिले.

मुलगा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "हो म्हणून टाका ना. मामाजींचं मन राहते. विमानाचं काय घेऊन बसल्या?"

आज विमान, उद्या माझी नोकरी, परवा आणखी काही. मी मोठ्यानंच म्हटलं, "चूक हाय थे. हो कशी म्हणू?"

पाहुण्यांची गाडी गेली. आई रडली, तोंडाला येईल ते बोलली. बाबा इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. आता त्यांचीही बोलणी खायची म्हणून मी तयारच बसले.

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मले एक सांग. तेल कमी घेऊन निघालं, तं थे विमान वापस कसं येते?"

"वरच भरते, बाबा. दुसरं विमान तेल घेऊन येते."

बाबांनी मान हलवली. मग आईला म्हणाले, "हिच्यासाठी पोहे गरम कर. सकायपासून उपाशी हाय थे. अन् पुढच्या पाहुण्याले मी आधीच सांगून ठेवतो, माही पोरगी कोनाच्या हो ले हो लावत नाई."

त्या दिवशी मी रडले ती तेव्हा.