कंबर माझ्या वेळची

आमच्या पुणतांब्याच्या घरात दुखण्याला वर्ष नसतं, बाळंतपण असतं. आईचा गुडघा थोरल्या बहिणीच्या वेळचा, डोकेदुखी मधल्या भावाच्या वेळची आणि कंबर माझ्या वेळची. पाहुण्यांसमोर ती ही वंशावळ सांगायची आणि आम्ही पोरं खो-खो हसायचो.

तेच बोलणं नगरच्या दवाखान्यात नडलं. कमरेतली नस दबून आईच्या डाव्या पायात अशी कळ उतरायची की ती पाय टेकवायला घाबरायची. मणक्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? आईनं माझ्याकडे बोट केलं, "ह्याच्या येळंपासून." त्यांनी माझं वय विचारलं आणि तसंच लिहून टाकलं.

दुपारी विम्याच्या काउंटरवरच्या बाईंनी बोलावून घेतलं. विमा दोन वर्षांपूर्वीचा आणि दुखणं माझ्या वयाचं, म्हणजे विम्याच्या कितीतरी आधीचं, म्हणून कंपनीनं मंजुरी अडवली होती. डॉक्टरांनी पुन्हा विचारून नवीन लिहून दिलं तर बघू, नाहीतर पैसे तुम्हीच भरा, हप्ते करून मिळतील, असं त्या म्हणाल्या. माझ्या मुलीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. खरं सांगायचं तर आईचा रागही आला. नको तिथं बोलायची काय गरज होती?

खाटेशी जाऊन मी हळू आवाजात म्हणालो, "आई, तू आपली सवयीनं बोललीस. त्रास गेल्या वर्षीपासूनच आहे ना?"

"पाय गेल्या वर्सापासून. कंबर तुझ्याच येळंपासून हाय."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगत हुते? तुमी हसायचा, म्हून मी बी हसायचे."

मग तिनंच विचारलं, "पैशाचं अडलंय का? मंग सांगते डाक्टरला, कंबर कधी दुखलीच न्हाई."

तेवढ्यात डॉक्टर आले. आईनं पदर सावरला आणि मी मान हलवायची वाट बघत माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती, तर फीची काळजी मिटली असती.

"आई, आहे ते सगळं सांग," मी म्हणालो.

सांगता सांगता ती सवयीनं मधेच हसली. मी खाटेच्या कडेला बसून शेवटपर्यंत ऐकलं, मग काउंटरवर जाऊन हप्त्यांचं विचारलं.