शर्यतीचं कात्रण

नवापूरच्या खाडीत बायका होड्या वल्हवत शर्यत लावतात, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तरीही त्या शर्यतीला ज्ञानकोशात जागा नाही, असं लिहिणारा मीच. इथवरचं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी मूळचा पाम गावचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासतो, राहतो बोईसरला. दहाएक वर्षं झाली, इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात नोंदी लिहितोय. तिथे कुणीही लिहू शकतो, आणि कुणीही दुसऱ्याच्या नोंदीवर हरकत घेऊ शकतो. पाम, कुंभवली, आसपासची गावं, ओढे, देवळं, सगळं मी लिहिलं. प्रत्येक वाक्याखाली संदर्भ. प्रत्येक नोंदीला जोडून एक चर्चा पान असतं, वाचणाऱ्यांनी काही सांगायचं असेल तर. माझी चर्चा पानं कोरी आहेत.

माझा कॉलेजातला मित्र नवापूरचा, कोळ्याच्या घरातला, आता शाळेत मास्तर. त्याला हे काम मीच शिकवलं, आमच्या जेवणाच्या टेबलावर, दोन रविवार लावून. तिसऱ्या रविवारी त्याने शर्यतीवर नोंद लिहिली.

पावसाळा सरता सरता, पुरुषांनी होड्या समुद्रात घालायच्या आधी, एक दिवस होड्या बायकांच्या. एका होडीत तिघी. सासू-सून एका होडीत नको, हा नियम. कारण काय तर वल्हं कुणी कसं मारायचं यावरून होडी जागच्या जागी गोल फिरते. हरलेल्यांनी जिंकणाऱ्यांचे बोंबील वाळत घालून द्यायचे. हे सगळं त्याने असं लिहिलं होतं, की मी लॅबमध्ये चहाच्या सुट्टीत वाचताना एकटाच हसलो. आणि मग खाली त्याचं चर्चा पान उघडलं.

चार दिवसांत सहा जण येऊन गेले होते. एकाने शुद्धलेखन सुधारलं होतं, एकाने फोटो मागितला होता. कुणा बाईंनी लिहिलं होतं, ‘वाचताना खाडीच्या काठावर उभी असल्यासारखं वाटलं.’ ते वाक्य मी दोनदा वाचलं. चहावर साय धरली.

दहा वर्षांत मला असं एक वाक्य कुणी लिहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या नोंदीवर पाटी लावली: ‘ही घटना उल्लेखनीय आहे का? स्वतंत्र छापील संदर्भ नाही. पान काढावे.’ नियमाप्रमाणे सात दिवस चर्चा. नियमात माझं काही चुकलं नव्हतं, आणि तेच मला फार सोयीचं पडलं.

मित्राचा फोन आला तो हसतच. “काय रे, गुरुदक्षिणा आधीच वसूल?”

“नियम आहे. माझ्या नोंदीवरही मी हेच केलं असतं.”

“मी कुठे नाही म्हणतो? पण छापील कुठून आणू? आमच्याकडे कोण लिहून ठेवतो?”

रविवारी तो मोटारसायकलवर घरी आला. हातात पिशवीभर सुके बोंबील, नेहमीसारखे. म्हणाला, “तुझे बाबा पेपरात बातम्या द्यायचे ना? त्यांच्या कात्रणांत बघ की. आई सांगते, एकदा ते आले होते शर्यतीला. छत्री घेऊन, चिखलात उभे.”

“बघतो,” मी म्हणालो.

बाबा गेल्यावर त्यांची कात्रणं मी पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. जुन्या डायऱ्यांत खळीने चिकटवलेली. मित्र परत गेल्यावर पेटी उघडली आणि दहा मिनिटांत सापडलं. जिल्ह्याच्या एका साप्ताहिकातली, तीन रकान्यांची बातमी. मध्ये धुरकट फोटो, तीन बायका, वल्ही वर. आमच्या पामबद्दल बाबांनी कधी तीन रकाने लिहिले नव्हते. तेही तिथेच, डायरी मांडीवर असताना, मला खुपलं.

मी डायरी परत ठेवली. वर बाकीच्या सगळ्या डायऱ्या रचल्या. आणि फोन केला. “नाही रे. काहीच नाही.”

“राहू दे,” तो म्हणाला. “तू एवढं शोधलंस, बास.”

सातव्या दिवशी नोंद गेली. त्याने पुन्हा तिथे काही लिहिलं नाही. बोंबील मात्र येत राहिले. बायको तळायची, मी खायचो.

या वर्षी त्याने शर्यतीला बोलावलं. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. काठावर त्याची आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, गुडघे सुजलेले. मला बघून म्हणाली, “तू तो कंप्युटरवाला ना? मोबाईलमदी आमची शर्यत व्हती, पोरानं वाचून दाखवलीती. आता नाय दिसत. आमी वल्ही मारली ती खोटी का काय?”

“नाही काकी, खोटी कशी?”

“मंग पुसली कोनी?”

मित्र घाईने म्हणाला, “आई, ते नियमाचं असतं.” मला सांभाळून घेत होता तो.

पुढच्या रविवारी डायरी घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर ती जाळ्याची गाठ मारत होती. मी पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने कागद लांब धरला, जवळ आणला. “ही मी. मधली. बघ, वल्हं कसं धरलंय. आनि ही, हिला उलटी झालीती.” मग मान वर केली. “ह्यो कागद व्हता कुठं इतके दिस?”

मित्र माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं, मी बोलायच्या आधीच.

“माझ्याकडे,” मी म्हणालो. “त्याच दिवशी सापडला होता. मी लपवला.”

“का?” हे तो.

“तुझ्या पानावर लोक लिहीत होते. माझ्या पानावर कुणी लिहीत नाही.”

एवढंच होतं. मोठ्याने बोलल्यावर ते इतकं लहान निघालं की मला खाली बघवेना आणि वरही बघवेना.

काकी म्हणाली, “मंग आपली होडी हाकायची व्हती. आमची कशाला उलटवलीस?” आणि पुन्हा गाठीकडे वळली. डायरी मात्र मांडीवरून हलवली नाही.

 एरवी मित्र मला रिक्षापर्यंत सोडायला येतो. त्या दिवशी आला नाही.

घरी येऊन मी ज्ञानकोशात, माझ्या रोजच्याच सदस्यनावाने, सगळं लिहिलं: कात्रण माझ्याकडे होतं, मी नाही म्हणून सांगितलं, नोंद परत आणावी. खाली चर्चा सुरू झाली आहे. एकाने माझाच जुना प्रश्न फिरवून माझ्यापुढे टाकलाय: एकाच बातमीवर घटना उल्लेखनीय ठरते का? त्याचं म्हणणं नियमाला धरून आहे. मी वाचनालयांत फोन करतोय, त्या साप्ताहिकाचे जुने अंक कुणाकडे आहेत का ते विचारतोय. सात दिवसांतले चार गेले.

मित्राने अजून त्या पानावर काही लिहिलेलं नाही. मी रोज उघडून बघतो.