सावरीच्या कापसाची गादी

बर्फाच्या मुलखातले दगड चढणारे लोक हिवाळाभर खिडकीत बसून वसंताची वाट बघतात म्हणे. आमच्या हैदराबादेत उलटं असतं. आमचे दगड वर्षाचे आठ महिने तव्यासारखे तापलेले नाहीतर पावसानं निसरडे झालेले असतात, आणि थंडीतच काय ते माणसाला अंगाला हात लावू देतात. त्यामुळे डिसेंबरात शहरातला झाडून सगळा चढणारा समाज दगडांवर असतो. त्या वर्षी मी तेवढी चिक्कडपल्लीच्या घरात दिवाणावर बसून वसंताची वाट बघत होते.

झालं असं, की नोव्हेंबरात एका दगडावर नखाएवढ्या खाचेला लटकताना माझ्या अनामिकेतून कट्‌ असा आवाज आला. बोटातली शीर हाडाशी धरून ठेवणारा एक बारीक पट्टा असतो, तो फाटला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने दगडाला हात लावायचा नाही. मी घरी सांगितलं, ऑफिसच्या दारात बोट सापडलं. सदतिसाव्या वर्षी आईशी खोटं बोलावं लागणं बरं नव्हे, पण खरं सांगितलं असतं तर तीन महिन्यांचा जन्मभर झाला असता. आईनं बोट बघितलं, हळद लावली आणि बोटावर मोजून सांगितलं की तीन महिने म्हणजे शिवरात्र. तेव्हापासून घरात सगळे शिवरात्रच म्हणायला लागले.

माझ्या चढण्याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही विरुद्ध होती. बाबांचं म्हणणं, आमच्या आजोबांनी जन्मभर शेतातले दगड वेचून बांधावर टाकले, आणि ही रजा काढून दगड हुडकत जाते. आईचं काही म्हणणं नव्हतं. ती फक्त दर वेळी मी निघाले की पोळ्या बांधून द्यायची आणि तोंड फिरवून भांडी घासायला लागायची. दारावर मी बोटं बळकट करायला एक लाकडी पट्टी ठोकली होती, तिला तिनं पहिल्याच आठवड्यात आंब्याचं तोरण बांधलं होतं. मी लटकले की पानं डोळ्यांत जायची.

बोट बरं होईपर्यंत मी सहलीची तयारी करायला घेतली. हंपीजवळ एक दगड आहे. तीन वर्षं मी त्याच्याकडे जातेय आणि तीन वर्षं शेवटच्या पकडीपाशी येऊन उतरतेय. तिथं हात सोडून वर झेपावावं लागतं. चुकलं तर दोन पुरुष उंचीवरून खाली. मी झेपावत नाही. माझी भीती नुसत्या दगडाची नव्हती. बोटानं एकदा दगा दिला होता, वय वाढत होतं, आणि हा वसंत गेला तर पुढच्या वेळी मी कारण शोधून घरीच बसेन, हे मला पक्कं माहीत होतं. शिवरात्रीनंतर ऊन चढायच्या आत जेमतेम दोनेक आठवडे मिळतात. दोन मैत्रिणी ठरल्या, गाडी ठरली. मी यादी केली, यादीची यादी केली, चढायचे बूट दोनदा धुतले. मैत्रिणी दर रविवारी दगडावरून फोटो पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, तुझी आठवण येते. आठवण आली तर फोटो कशाला पाठवावा, कुणास ठाऊक.

एक वस्तू मात्र मला बघवेना. ती माझी पडायची गादी. आम्ही दोर वापरत नाही, दगडाखाली जाड फोमची घडीची गादी टाकतो आणि तिच्यावर पडतो. पाठीवर दप्तरासारखी बांधून नेता येते. बोट दुखावल्यावर मी ती जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणामागे सारून दिली. अधूनमधून आमच्या गावाकडचं, परभणीचं कुणी दवाखान्यासाठी आलं की आई ती काढून त्यांना झोपायला द्यायची. पौषात मावशी मोतीबिंदू दाखवायला आली. सकाळी उठून म्हणाली, "काय की बाई, रात्रभर दगडावर पडल्यासारखं झालं."

आईनं वाकून अंगठ्यानं गादी दाबून बघितली.

संक्रांतीच्या सुमारास आई लंगडायला लागली. थंडीनं गुडघा धरलाय म्हणाली आणि तिळाचं तेल चोळत बसली. मी तिला व्याख्यान दिलं. चालत जा, वजन उतरव, या वयात सांधे जपावे लागतात. मी स्वतः बोटाला पट्टी बांधून दिवाणावर लोळत हे सांगत होते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि तेलाची वाटी पुढं ओढली.

शिवरात्र झाली. बोट वाकायला लागलं. निघायच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, मी दिवाणामागून चादर ओढली आणि आतून माझी गादी बाहेर आली. फुगून पुरी झालेली. मधोमध घडी पडत नव्हती. पट्टे अर्ध्यावरच ताणले जात होते. जाड पांढऱ्या दोऱ्यानं वीतवीत अंतरावर टाके घालून तिच्यावर खळगे पाडले होते, घरातल्या सगळ्या गाद्यांवर असतात तसे.

आमच्या घरात दर हिवाळ्यात गाद्या अफझलगंजच्या पिंजाऱ्याकडे जातात. कापूस पिंजून, ऊन देऊन, परत भरून येतात. आईच्या मते कापसाची ती गादी आणि बाकी सगळी दुकानदारी. पण ही गादी झोपायची नव्हती.

"आई, हिच्यातला फोम कुठंय?"

"पिंजाऱ्याला देऊन टाकला. सावरीचा कापूस भरून घेतलाय, साधा नाही." ती पोळी लाटत होती. "तो म्हणला, अम्मा, ये फोम तो पत्थर हो गया, इसपे कौन सोएगा. मी म्हणलं, झोपायचं नाही बाबा, पडायचंय. दाबून भर."

मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सारांश असा, की कापूस पडणाऱ्या माणसाला धरत नसतो, माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, आणि तीन महिने मी ज्याची वाट बघितली ते तिनं टाके घालून शिवून टाकलं. आई लाटणं थांबवून ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी नुसती झोपली तरी तिला लागलं. पडल्यावर किती लागत असंल." आणि पुन्हा लाटायला लागली. मला इतका राग आला होता की हे वाक्य माझ्या कानावरून निघून गेलं.

नवी गादी एका दिवसात मिळत नाही. मैत्रिणीला फोन केला तर ती आधी पोटभर हसली आणि म्हणाली, आमच्या दोघींच्या आहेत, तुझी झोपायला घे. सकाळी उजाडताना गाडी आली. मी आईशी धड न बोलता पोळ्यांचा डबा घेतला. बाबा गादीचं दुसरं टोक धरून जिना उतरत होते. पहिल्या मजल्यावर ते दम खायला थांबले.

"तुला सांगू नको म्हणलीय," ते म्हणाले. "पण गादी आली ना, त्या दिवशी तिनं दिवाणावरून उडी मारून बघितली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी गुडघा वाकडा पडला."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मी म्हणलं, थांब, हात धरतो. तर म्हणली, सोडा. पोरीचा हात तिथं कोण धरतंय?"

मी गादी तिथंच जिन्यात सोडली आणि वर गेले. आई भांडी घासत होती, पाठमोरी. मी तिचा गुडघा बघायला खाली बसले तर म्हणाली, ऊठ, गाडी थांबलीय, लोकं काय म्हणतील. मला रडू आलं आणि तिनं ओल्या हातानं माझं तोंड पुसलं, त्यामुळे भांड्यांचा साबण डोळ्यांत गेला. निदान रडायला कारण झालं.

हंपीला दुसऱ्या दिवशी पहाटे दगड गार होता. खाली मैत्रिणींच्या दोन गाद्या टाकल्या आणि त्यांच्यावर, दोघींनी नको नको म्हटलं तरी, मी आईची टाकली. पहिल्यांदा शेवटच्या पकडीपाशी गेले आणि नेहमीसारखी थिजले. खाली बघितलं. पांढऱ्या टाक्यांची ती जाडजूड गादी, आणि मला दिसली आमची साठीतली आई, दिवाणावर उभी, पदर खोचलेला, बाबांचा हात झटकून. मला हसू फुटलं. हसताना माणूस थिजू शकत नाही. मी झेपावले आणि चुकले.

कापूस एका फटक्यात बसला आणि माकडहाडाला चांगलाच मार लागला. पण पडून झालं होतं. तीन वर्षं जे टाळलं ते झालं होतं आणि मी जिवंत होते. उठून गादी थोपटली आणि पुन्हा चढले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा बोटं वरच्या कडेला लागली आणि तिथंच राहिली.

वर बसून आईला फोन लावला. तिनं पहिलं काय विचारलं तर, पडलीस का? म्हटलं, दोनदा. म्हणाली, लागलं का?

"नाही गं. इतकी मऊ आहे की कळलंसुद्धा नाही," मी माकडहाड चोळत म्हणाले.



"हौ का," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या ऑफिसच्या दारापेक्षा बरी म्हणायची."