बाइंडरचा अंगठा

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचं तोंड मुळातच जरा वाकडं. पण पोटाचं दुखणं निघाल्यापासून त्या वाकडेपणाला जो तजेला आला, तो बघण्यासारखा होता. आधी तो फक्त वाईट छपाईला नाक मुरडायचा. आता अख्ख्या गल्लीला मुरडायला लागला. आणि खरं सांगायचं तर गल्लीनं त्याला कारणं पोतंभर पुरवली.

दोन वर्षं माणूस खंगत होता. खाल्लेलं अंगी लागेना, पोट फुगून नगारा, जिना चढताना धाप, पँट कमरेवर ठरेना. "टेन्शन असेल," हे निदान समोरच्या न्हाव्यापासून सगळ्यांनी फुकटात करून दिलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं बघितलं आणि सांगितलं, सिलिअ‍ॅक. गव्हात, जवात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो या आतड्याचा वैरी. गोळी नाही, इंजेक्शन नाही, पथ्य हेच औषध.

"कणभरसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "आणि जन्मभर."

बाइंडरनं ते मनावर घेतलं. गल्लीनं कानावरसुद्धा घेतलं नाही.

न्हावी म्हणाला, "पाव चालत नाही? मग बिस्किट खा की." शाळेच्या बाई फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा टाकायला आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जावेनंपण गहू सोडलाय. चार किलो उतरलं! तुम्हीसुद्धा किती छान बारीक झालात हो." बाइंडरनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं तो उलटं बांधलेल्या पुस्तकाकडे बघतो. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला.

"पण थोडंसं चालतं ना?"

"तुमच्या सुपात थोडासा उंदीर पडला तर चालतो का?" बाइंडर विचारायचा.

असली उत्तरं देणाऱ्याला लोक जेवायला बोलावत नाहीत. नाव मात्र ठेवतात. सोवळेमहाराज, हे न्हाव्यानं ठेवलं. ते चिकटलं.

बायको बोलायला कमी आणि करायला खमकी. तिनं स्वयंपाकघराची सरळ फाळणी केली. तिचा आणि मुलींचा पाव, केक, बिस्किटं एका बाजूला, याचे तांदूळ, बटाटे, अंडी दुसऱ्या बाजूला. चाळणी दोन, तवे दोन, डाव दोन. पिठाच्या बाजूच्या प्रत्येक भांड्याच्या दांड्याला तिनं नवऱ्याच्याच दुकानातला शिवणीचा काळा दोरा बांधला. काळा दोरा दिसला की यानं हात लावायचा नाही. दीड वर्ष ती बाई दोन वेगळ्या घासण्यांनी दोन संसार घासत होती.

मग आला ताईकडचा रविवार. ताई म्हणजे बाइंडरची थोरली बहीण. जीव लावणारी, पण घाईची. तिनं भावासाठी तांदूळ-बटाट्याचं वेगळं सूप केलं होतं, वेगळ्या पातेल्यात, वरून झाकण. टेबलाशी सगळे बसले, आणि ताईनं मैदा लावून घट्ट केलेल्या दुसऱ्या सुपातला डाव उचलून सरळ याच्या पातेल्यात बुडवला.

"ताई, डाव!"

"अरे, पुसलाय की फडक्याला."

"फडक्याला! म्हणजे आता फडकंपण गेलं." बाइंडर उठून उभा राहिला. "लहानपणापासून तू अशीच. मला मारायचाच डाव आहे तुझा."

ताईचा चेहरा उतरला, मग चढला. "दीड वर्ष तुझ्यासाठी बटाटे उकडतेय मी, आणि मला खुनी ठरवतोस? जा, जा, सोवळेमहाराज! दुकानात चोरून पाव हाणत असशील, आणि इथं येऊन आम्हाला अक्कल शिकवतोस!"

बाइंडर उपाशी निघाला, पण मान ताठ. बायको मागून, मान खाली.

ही ताठ मान मंगळवारपर्यंत टिकली. मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"दीड वर्षात आकडा खाली यायला हवा होता. जिथल्या तिथं आहे. रोज पोटात काहीतरी जातंय. बाहेर काही खाता?"

"पाण्याशिवाय काही नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ती नजर बाइंडरच्या चांगल्या ओळखीची होती. दीड वर्ष तो स्वतः गल्लीकडे तसाच बघत होता.

बायको रस्ताभर चार पावलं पुढे चालली. घराच्या दारात किल्ली हातात धरून म्हणाली, "ताई बोलल्या ते खरं असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. पण उद्यापासून भांडी एकच घासेन."

"अगं, मी शब्द देतो..."

"शब्द तुमचा, आणि आकडा रक्ताचा. कुणाचं ऐकू?"

एवढं बोलून ती आत गेली. आता पंचाईत अशी, की बाइंडरनं खरंच काही खाल्लं नव्हतं. जगाला तुच्छ लेखायचं त्याचं सगळं भांडवल ते एकच होतं, आपण चोख आहोत आणि बाकीचे गबाळे. तेच बुडायला आलं. बायकोच्या डोळ्यांत तो चोर ठरला होता आणि सुटायला साक्षीदार नव्हता.

"उद्या दुकानात येऊन बस," तो आत जाऊन म्हणाला. "दिवसभर बस. झडती घे माझी."

"येणारच होते," बायको म्हणाली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधे टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, भिंतीला पुठ्ठे, आणि पत्र्याच्या डब्यात पुस्तकं चिकटवायची खळ. खळ तो रोज सकाळी स्वतः शिजवायचा. बाजारच्या डिंकाला तो थुंकी म्हणायचा. "माझी खळ नातवंडांच्या हयातीत सुटायची नाही," ही त्याची फुशारकी. शिवाय कोरडा मैदा नाकातोंडात उडू नये म्हणून कालवताना तोंडाला फडकं बांधायचा. बघा, किती सांभाळतो आपण! बायकोला दिसेल असं त्यानं त्या दिवशी ते फडकं जास्तच घट्ट बांधलं. खळ झाली, फडकं सोडलं, खुंटीला लावलं आणि कामाला बसला.

बायको स्टुलावर. हात मांडीवर, डोळे नवऱ्यावर.

बाइंडरनं छापील कागदांच्या घड्यांची चळत पुढे ओढली. पानं क्रमानं आहेत का बघायला अंगठा जिभेला लावला, सर्र सर्र पानं उलटली. पुस्तकाच्या शिवलेल्या पाठीवर ब्रशनं खळ फासली, अंगठ्यानं दाबून बसवली. पुढचं पुस्तक. अंगठा जिभेला. पानं. खळ. अंगठा. जीभ. वडिलांनी असंच शिकवलं होतं, पस्तीस वर्षं हात असाच चालत होता. हाताला तोंड विचारत नव्हतं आणि तोंडाला हात.

दुपारी त्यानं पाठ सरळ केली आणि विजयी मुद्रेनं विचारलं, "काय? सापडला पाव? चल, डबा काढ. जेवू."

"मला वाढून घेते," बायको म्हणाली. "तुमचं झालंय की."

"माझं? कधी?"

"सकाळपासून त्रेसष्ट घास मोजलेत मी." तिनं त्याचा अंगठा धरून त्याच्याच नाकासमोर आणला. नखाच्या कडेला पांढरी पापडी सुकली होती. "हे काय आहे?"

"खळ."

"कशाची?"

"मैद्या..." बाइंडर म्हणाला, आणि पुढचं अक्षर तिथंच चिकटलं. खळ चांगलीच होती.

लोकांच्या डावावरचा कण दहा हातांवरून ओळखणारा हा गडी दीड वर्ष स्वतःचाच अंगठा चाटत बसला होता. त्या आधीची तेहतीस-चौतीस वर्षं वेगळीच. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोललो नाही."

"नाही हो. खोटं बोलायला अक्कल लागते."

तिनं रिळावरचा काळा दोरा हातभर कापला आणि त्याच्या अंगठ्याला दोन वेढे देऊन गाठ मारली. संध्याकाळी घरी तिनं भांडी घासली. दोन घासण्यांनी, वेगवेगळी.

तांदळाच्या पिठाची खळ होते, हे बाइंडरला आधीपासून माहीत होतं. ती तो आता शिव्या घालत शिजवू लागला, आणि पानं उलटताना बोट भिजवायला वाटीत ओला स्पंज ठेवला. पण पस्तीस वर्षांची खोड ती. अंगठा वर यायचाच, दोरा दिसला की खाली जायचा.

रविवारी बायकोनं त्याला ताईच्या दारात उभं केलं.

"हे काय रे अंगठ्याला? कापलं?"

बाइंडरनं बायकोकडे बघितलं. बायको छत बघत होती. 'कापलं' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मग पाव चोरून खाल्ल्याचा डाग तसाच राहिला असता. त्यानं सगळं सांगितलं, खाली बघत, एका दमात. ताई आधी पायरीवर बसली, मग हसता हसता आडवी व्हायची बाकी राहिली. डोळे पुसून म्हणाली, "तुझा डाव नवा आणलाय, कोरा. पण बाबा, आधी हात धुऊन ये. माझ्या सुपात तुझा अंगठा नको."

ताईला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. सोमवारी सकाळी बाइंडर कुलूप काढतोय, तर समोरून न्हावी वस्तरा पुसत ओरडला, "काय महाराज, थोडासा अंगठा चालतो ना?"

बाइंडर वळला. उत्तर जिभेवर तयार होतं, चांगलं झणझणीत. त्यानं तोंड उघडलं, आणि सवयीनं अंगठा तोंडाकडे वर येताना बघून मिटलं.