नटावरचा पिवळा ठिपका

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. परवा महामार्गावरच्या एका हॉटेलाबाहेर आमच्या कारखान्यातली जुनी लष्करी जीप शोभेला उभी केलेली दिसली. मुलं बॉनेटवर बसून फोटो काढत होती. मी गुडघे टेकून खाली वाकलो. स्टिअरिंगच्या नटावर पिवळा ठिपका अजून होता.

फिटरने नट आवळायचा, मी तपासायचा आणि मग ठिपका लावायचा, अशी आमची रीत. त्या ठिपक्याच्या भरवशावर गाड्या सीमेवर जात. महिनाअखेरीच्या घाईत मी आधीच ठिपके लावून मोकळा व्हायचो. फिटर दगडू हसायचा. "साहेब, लग्नाआधी बारसं उरकताय. पाना तरी फिरू द्या."

एका गाडीत पाना फिरायचा राहिला. ती डोंगरात दरीत कोसळली आणि चालवणारा जवान गेला. चौकशीत मी सांगितलं, "मी तपासला तेव्हा नट घट्ट होता. नंतर दगडूने सैल केला असेल." दगडूला कामावरून काढलं.

ठिपका खरा की खोटा, हे बघणाऱ्याला कळत नाही. लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. कारखान्याच्या इतिहासाची पुस्तिका निघाली, तिच्यात माझा फोटो आहे. दगडूचं नावही नाही.

तो शेवटच्या आजारात असताना मी त्याच्या गावी गेलो. त्याने उशीवरूनच विचारलं, "साहेब, एवढ्या लांब कसं येणं केलंत?"

'दगडू, खोटं मी बोललो. मला माफ कर,' एवढंच म्हणायचं होतं.

"सहज," मी म्हणालो.